हत्ती छाप गाव

सिसिली बेटावर हत्ती नाहीत. सर्कशीबरोबर कधी एखादा आला असेल तेवढाच. तरीही या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कातानिया शहरात आपण पाऊल टाकलं की हत्ती आपली पाठ सोडत नाही. नगरपालिकेच्या कागदावर हत्ती, फुटबॉल संघाच्या शर्टावर हत्ती, दुकानातल्या चिनीमातीच्या बशीवर हत्ती. नगरपालिकेच्या इमारतीचं नावच मुळी 'हत्तींचा वाडा'. आणि या सगळ्यांचा मूळपुरुष उभा आहे गावच्या मुख्य चौकात, थेट कॅथीड्रलसमोर. काळाकुळकुळीत, सोंड वर उचललेला आणि पाठीवर अंबारीऐवजी एक लांबलचक दगडी खांब घेतलेला.

युरोपात मध्ययुगापासून गावांना स्वतःचं चिन्ह असतं. ढालीच्या आकारात एखादा प्राणी, एखादा किल्ला, एखादं जहाज. बर्लिनचं अस्वल, पॅरिसची नौका, रोमची लांडगीण. आपल्याकडे राजाची मुद्रा असे, संस्थानाचं निशाण असे, पण गावानं स्वतःचं चिन्ह मिरवण्याची चाल फारशी नव्हती. आपली गावं ओळखली जात ती ग्रामदैवतावरून. म्हणून त्या लोकांना त्यांच्या अस्वलाबद्दल किंवा लांडगिणीबद्दल नेमकं काय वाटत असेल, हे आपल्या चटकन लक्षात येत नाही. माझ्याही येत नव्हतं. निवृत्तीनंतर आम्ही उभयतां सिसिलीला गेलो होतो, तेव्हा त्या चौकात दोन संध्याकाळी नुसते बसून काढल्या आणि थोडं थोडं उमजायला लागलं.

आधी हत्तीचं दर्शन घेऊ. तो लाव्हाच्या दगडातला आहे, बहुधा रोमन काळातला. म्हणजे ज्या कारंज्यावर तो उभा आहे, त्याच्यापेक्षा हजारएक वर्षांनी तरी मोठा. सुळे आणि डोळे मात्र पांढऱ्या दगडाचे, नंतर बसवलेले. पाठीवर संगमरवरी झूल, तिच्यावर गावाची रक्षणकर्ती संत आगाथा हिची चिन्हं. झुलीवर उभा केलेला खांब ग्रॅनाइटचा, आठ पैलूंचा, साडेतीन मीटरांहून थोडा उंच, आणि त्याच्यावर इजिप्ती धाटणीच्या आकृत्या कोरलेल्या. खांबाच्या टोकाला एक गोल, ताडाची फांदी, लिलीची फुलं, एक छोटी पाटी आणि सर्वांत वर क्रूस. खाली चौथऱ्यावर दोन नद्यांच्या मूर्ती आहेत, सिमेतो आणि आमेनानो. सौ.नं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, हा हत्ती कुणीतरी ऐकून केलेला दिसतोय." तिचं खरं होतं. ज्यांनी पोळ्याच्या बैलाइतक्या सहजपणे देवळातले हत्ती पाहिलेत, त्यांच्या डोळ्यांना तो जरा बुटका आणि गमतीशीर वाटतो. पण दुसऱ्या संध्याकाळी तीच म्हणाली, "चेहरा मात्र भला आहे हो याचा."

हा हत्ती इथं आला कुठून? नक्की सांगणारा कागद नाही. पण बाराव्या शतकात तो गावात होता आणि प्रसिद्ध होता. सिसिलीचा नॉर्मन राजा रॉजर दुसरा याच्या दरबारी अल्-इद्रिसी नावाचा अरबी भूगोलकार होता. ११५४ साली त्यानं जगाचं वर्णन करणारा आपला मोठा ग्रंथ पुरा केला, त्यात कातानियाचा उल्लेख 'हत्तीचं गाव' असा येतो. अरबीत हत्ती म्हणजे 'फील'. हा शब्द आपल्याला अगदीच परका नाही. जुन्या मराठी कागदपत्रांत हत्ती बांधायच्या जागेला 'फीलखाना' किंवा 'पीलखाना' म्हटलेलं आढळतं, तो हाच फील. इद्रिसी लिहितो की हा दगडी हत्ती म्हणजे एक ताईत आहे. पूर्वी तो एका उंच इमारतीवर होता, आता बेनेडिक्टाइन साधूंच्या मठात आणून ठेवला आहे.

ताईत कशावर, तर एटना ज्वालामुखीवर. कातानियात कुठंही उभं राहिलं तरी उत्तरेला तो डोंगर दिसतो. तीन हजार मीटरांहून उंच, बहुधा माथ्यावर धूर, हिवाळ्यात बर्फ. गावाचा मुख्य रस्ता सरळ त्याच्या दिशेनं जातो आणि त्याचं नावही वीया एटनेया. अजूनही कधी कधी राख उडते आणि विमानतळ बंद ठेवावा लागतो. अशा शेजाऱ्याच्या पायाशी राहायचं तर गळ्यात एखादा ताईत हवाच.

लोकांनी मात्र हत्तीला वेगळीच कथा चिकटवली आहे. आठव्या शतकात म्हणे एलिओडोरो नावाचा एक जादूगार या गावात होता. बिशप व्हायचं त्याच्या मनात होतं, ते झालं नाही म्हणून तो जादूटोण्याकडे वळला. हा हत्ती त्यानंच घडवला आणि त्याच्यावर बसून तो कॉन्स्टँटिनोपलपर्यंत फेऱ्या मारायचा. शेवटी बिशप लेओनं त्याला जाळून मारलं. जादूगार गेला, त्याचं नाव लोकांच्या जिभेवर झिजत झिजत 'लिओत्रू' झालं आणि ते हत्तीला मिळालं. आज गावातलं शेंबडं पोरही त्याला लिओत्रूच म्हणतं. ज्याला धर्मसत्तेनं जाळलं त्याचं नाव धारण करणारा हत्ती कॅथीड्रलच्या दारात उभा आहे आणि त्याच्या डोक्यावर क्रूस आहे, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आपल्यालाही वाटू नये. म्हसोबा आणि मारुती शेजारी शेजारी नांदणाऱ्या मुलखातले आपण.

जाता जाता एक गोष्ट. सिसिलीत हत्ती नाहीत असं मी म्हटलं, पण माणूस येण्याच्या फार पूर्वी तिथं हत्ती होते. तेही कसे, तर जेमतेम मीटरभर उंचीचे. बेटावर अडकलेले प्राणी पिढ्यान्‌पिढ्या आकारानं लहान होत जातात, त्यातला हा प्रकार. त्यांची हाडं सिराक्यूजजवळच्या स्पिनागाल्लो गुहेत सापडली आहेत. हत्तीच्या कवटीला मधोमध सोंडेचं एक मोठं भोक असतं. ते पाहूनच ग्रीकांना एकडोळ्या राक्षसाची कल्पना सुचली असावी, असा तर्क ऑथेनिओ आबेल या शास्त्रज्ञानं १९१४ साली मांडला. तर्क आहे, पण मोठा लोभस आहे.

१२३९ पासून हत्ती हे शहराचं अधिकृत चिन्ह मानलं जातं. तेव्हा सिसिलीवर सम्राट फ्रेडरिक दुसरा याचं राज्य होतं. त्याच्याजवळ खराखुरा हत्ती होता, इजिप्तचा सुलतान अल्-कामिल यानं भेट दिलेला. पण तो इटलीच्या उत्तरेला, क्रेमोनात. चिन्हात हत्तीच्या वर रोमन लिपीतलं 'ए' अक्षर आहे, ते आगाथाचं. एवढंच होतं तर ही एक जुनी मुद्रा म्हणून राहिली असती. या हत्तीला आजची किंमत आली ती सतराव्या शतकातल्या दोन संकटांमुळे.

पहिलं १६६९ सालचं. त्या वर्षी मार्चमध्ये एटनाची कूस फाटली आणि लाव्हा दक्षिणेकडे निघाला. वाटेतली खेडी गिळत तो महिन्याभरात कातानियाच्या तटापर्यंत आला. इथं एक हकिगत सांगतात. दिएगो पाप्पालार्दो नावाच्या गावकऱ्यानं पन्नासेक माणसं गोळा केली, अंगावर ओली कातडी पांघरली आणि लोखंडी पहारींनी लाव्हाच्या ओघाची कडा फोडायला सुरुवात केली. कडा फुटली, ओघ वळायला लागला. पण वळला तर तो पातेर्नो गावावर जाणार होता. तिथले शेकडो लोक हत्यारं घेऊन आले आणि कातानियावाल्यांना त्यांनी पळवून लावलं. फोडलेली भेग पुन्हा थिजून बंद झाली. आपल्याकडे धरणाच्या पाण्यावरून दोन गावं एकमेकांसमोर उभी राहतात, तशीच ही आगीच्या पाण्यावरून. कोण बरोबर आणि कोण चूक, हे ठरवायला मला तरी कुणी बोलावू नये. लाव्हा अखेर शहराच्या पश्चिम भागात शिरला. समुद्रकाठच्या उर्सिनो किल्ल्याला त्यानं वेढा घातला, खंदक भरून टाकला आणि पुढे समुद्रात उतरला. किनारा इतका पुढं सरकला की तो किल्ला आज पाण्यापासून दूर, घरांच्या गर्दीत बसला आहे.

त्यातून सावरायला चोवीस वर्षंही पुरती मिळाली नाहीत. १६९३ च्या जानेवारीत, ९ तारखेच्या रात्री पहिला धक्का बसला. लोक घाबरले आणि प्रार्थनेला धावले. ११ तारखेला, रविवारी दुपारी, दुसरा धक्का आला. आजच्या मोजमापानं सुमारे ७.४ तीव्रतेचा. प्रार्थनेला जमलेल्या माणसांवर कॅथीड्रल कोसळलं. आग्नेय सिसिलीत सुमारे साठ हजार माणसं गेली. कातानियात लोकसंख्येच्या दोन-तृतीयांश. घर उरलं असं जवळजवळ कुणाचंच नाही. किल्लारीचा १९९३ चा आणि भूजचा २००१ चा भूकंप ज्यांना आठवतो, त्यांना पुढचं वर्णन वाचायची गरज नाही.

आपल्या हत्तीचेही मागचे पाय त्यात मोडले.

गाव कुठं वसवायचं, हा अशा वेळी पहिला प्रश्न असतो. याच भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या नोतोनं जुनी जागा सोडली आणि काही मैलांवर नवं गाव बांधलं. कातानियानं जागा सोडली नाही. व्हाइसरॉय उझेदानं ड्यूक ऑफ कामास्त्रा याला पुनर्रचनेसाठी पाठवलं. जुन्या गल्ल्यांच्या जंजाळाऐवजी रुंद, सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते आणि मोकळे चौक आखले गेले, पुन्हा धक्का बसला तर पळायला वाट असावी म्हणून. त्या रुंद रस्त्यांवरून चालताना आपण बरोक सौंदर्याची तारीफ करतो. खरं तर ती भीतीची आखणी आहे. आणि बांधायला दगड कुठला, तर लाव्हाचा. ज्यानं गाव पुरलं, त्याच्याच काळ्या दगडाच्या भिंती उठल्या आणि त्याला सिराक्यूजकडच्या पांढऱ्या चुनखडीची किनार मिळाली. कातानियाचं ते काळं-पांढरं रूप एकदा पाहिलं की विसरत नाही. काठपदराचं चंद्रकळा नेसलेलं गाव, असं मी म्हटलं तर सौ. म्हणाली, "चंद्रकळेला काठ पांढरा नसतो." मी गप्प बसलो.

जोव्हान्नी बात्तिस्ता वाक्कारिनी हा वास्तुकार १७३० च्या सुमारास इथं आला. जन्म १७०२ चा, पालेर्मोचा. शिक्षण रोममध्ये. रोममध्ये मिनर्व्हा चौकात १६६७ साली बर्निनीच्या आराखड्याप्रमाणे एक हत्ती उभा केला होता, पाठीवर इजिप्ती खांब घेतलेला. तो पांढऱ्या संगमरवराचा, गोंडस, नव्यानं घडवलेला. वाक्कारिनीनं कल्पना तिथून उचलली हे उघड आहे. पण हत्ती नवा घडवला नाही. संगमरवर मिळत होता, शिल्पकार मिळत होते, हातातलं काम मोठं होतं, तरीही त्यानं गावाचा तो जुना, ओबडधोबड, पाय मोडलेला लाव्हाचा हत्तीच घेतला. त्याचे पाय दुरुस्त केले, डोळे दिले, सुळे दिले, झूल पांघरली आणि १७३५ ते १७३७ या काळात कारंज्यावर उभा केला. माझ्या मते वाक्कारिनीच्या सगळ्या कामात ही निवड सर्वांत शहाणपणाची. कॅथीड्रलचा दर्शनी भागही त्याचाच, आणि तो भव्य आहेच. पण लोक बसतात ते हत्तीपाशी.

नद्यांच्या त्या मूर्तींविषयी सांगायचं राहिलं. सिमेतो गावाच्या दक्षिणेच्या सपाटीवरून वाहते. आमेनानो मात्र दिसतच नाही. लाव्हाखाली गाडलेली ती नदी गावाच्या पोटातून वाहते आणि याच चौकाच्या कोपऱ्यात, १८६७ साली बांधलेल्या दुसऱ्या एका कारंज्यात क्षणभर वर येते. तिथं पाणी कडेवरून एकसंध पडतं, म्हणून त्याला 'चादरीचं पाणी' म्हणतात. त्याच्याच मागं मासळीबाजार आहे. आरडाओरडा, बर्फ, समुद्राचा वास आणि पायाखाली ओला काळा दगड. भाऊच्या धक्क्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

३ ते ५ फेब्रुवारीला आगाथाचा उत्सव असतो. तिसऱ्या शतकात रोमन अमलात छळ होऊन मेलेली ही गावची मुलगी. तिचा पदर लाव्हासमोर धरला की लाव्हा थांबतो, अशी श्रद्धा. पांढरे पायघोळ झगे आणि काळ्या टोप्या घातलेले हजारो लोक लांब दोर धरून तिचा चांदीचा रथ गावभर ओढतात. आम्ही गेलो तेव्हा उत्सव नव्हता, पण हॉटेलच्या म्हाताऱ्या मालकानं फोटो दाखवले आणि आपल्या तळहातावरचे घट्टेही दाखवले, दोराचे. कारंज्याच्या टोकावरची पाटी आगाथाचीच. पवित्र मन, देवाचा मान आणि मायभूमीची सुटका, असा तिच्यावरच्या अक्षरांचा आशय. अर्थात हत्तीच्या खाली गाडलेली नदी आणि डोक्यावर गावची देवी. गावावर काय काय आलं आणि गाव कशाच्या आधारावर टिकलं, त्याचा सगळा जमाखर्च एका खांबावर मांडलाय.

१८६२ साली नगरातल्या काही मंडळींच्या मनात आलं की हा हत्ती इथून काढून गावाच्या दुसऱ्या टोकाला, पालेस्त्रो चौकात न्यावा. बेत कानावर येताच लोक उठले आणि तो त्यांनी हाणून पाडला. हत्ती जागचा हलला नाही.

मला ही हकिगत ऐकून हेवा वाटला. मी ज्या बँकेत छत्तीस वर्षं काढली, ती पुढं एका मोठ्या बँकेत विलीन झाली. निर्णय वरून आला, कारणं सांगितली गेली, ती पटण्यासारखीही होती. आमच्या शाखेच्या दारावर बँकेच्या चिन्हाची पितळी पाटी होती. आमचा शिपाई दर सोमवारी चिंच लावून ती घासायचा. चेकबुकावर, पासबुकावर, दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर तेच चिन्ह. खेड्यातली माणसं बँकेचं नाव वाचू शकत नसत, पण ते चिन्ह पाहून आत येत. विलीनीकरणानंतर पाटी उतरली. डेड स्टॉक रजिस्टरातून तिची नोंद कमी झाली आणि ती वजनावर भंगारात गेली. कुणी उठलं नाही. उठायला हवं होतं असंही माझं म्हणणं नाही. पण ज्या म्हातारीनं पस्तीस वर्षं त्या पाटीखालून ये-जा केली, ती दुसऱ्या दिवशी दारात थबकली आणि रस्ता चुकला समजून परत फिरली, असं मला माझ्या जुन्या हेडकॅशियरनं सांगितलं.

कातानियात असं होणं अवघड आहे. तिथं अस्सल गावकऱ्याला 'मार्का लिओत्रू' म्हणतात. आपण 'हत्ती छाप' म्हणू तसं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १४ डिसेंबर १९४४ रोजी, सैन्यभरतीविरुद्ध चिडलेल्या जमावानं हत्तींच्या वाड्याला आग लावली. गावाचे जुने दप्तर त्यात जळून गेले. समोरच काही पावलांवर हत्ती होता. त्याला कुणी हात लावला नाही.

आता राहिली आपली गोष्ट, कारण काळ्या दगडाचा एक हत्ती आपल्यालाही होता. मुंबईसमोरच्या घारापुरी बेटाच्या किनाऱ्याजवळ तो उभा होता. पोर्तुगीजांनी तो पाहिला आणि बेटाचं नाव ठेवलं 'एलिफंटा'. लेण्यांवरून नव्हे, हत्तीवरून. १८१४ साली त्याचं डोकं निखळून पडलं, पुढे धडही ढासळलं. आणि १८६४ मध्ये, म्हणजे कातानियाच्या लोकांनी आपला हत्ती अडवला त्यानंतर दोनच वर्षांनी, आपल्या हत्तीचे तुकडे बेटावरून उचलून मुंबईत व्हिक्टोरिया गार्डनमध्ये आणले. इंग्रजांना त्याची कदर नव्हती असं म्हणता येणार नाही. बेटावर राहिला असता तर तुकडेही उरले नसते कदाचित. १९१४ च्या सुमारास ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला.

तो अजून तिथंच आहे. राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर, सांधे दिसणारा, शांत. परत आल्यावर मी मुद्दाम जाऊन पाहिला. रविवार होता, गर्दी चिक्कार. मुलं आईबापांचे हात ओढत त्याच्या बाजूनं पेंग्विन बघायला धावत होती. एक आजोबा तेवढे त्याच्या सावलीत डबा उघडून बसले होते. मी त्यांना विचारलं, हा हत्ती कुठला, ठाऊक आहे का? "इथलाच की," ते म्हणाले, आणि डब्यातली पोळी माझ्यापुढं केली.